नोंदणीच्या खिडकीवर काय विचारावे आणि विचारलेले कोणी वाचावे

ठाण्यातील शंभर खाटांच्या एका धर्मादाय रुग्णालयाचे व्यवस्थापन सांभाळणाऱ्या तरुण डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्याकडे कागदी केस पेपर लवकरच बंद होऊन सर्व नोंदी संगणकावर जाणार आहेत आणि सॉफ्टवेअर कंपनीने नोंदणीचा फॉर्म मंजुरीसाठी पुढे ठेवला आहे. लिंग, भाषा, दिव्यांगत्व, जात-जमात, व्यवसाय यांपैकी रुग्णाला काय विचारावे, हा पहिला प्रश्न. दुसरा असा, की ‘आम्ही आलेल्या प्रत्येकाला सारखेच वागवतो, मग त्याची भाषा, जमात किंवा लिंगओळख विचारणे हाच भेदभाव होणार नाही का?’ मी फिजिशियन आहे आणि ठाणे-नवी मुंबईतील रुग्णालयांच्या संगणकीय नोंदींची आखणी करण्याचे काम बरीच वर्षे करत आले आहे. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहिते.

सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून करते, कारण तो सुटला की पहिला निम्मा सुटतो. सगळ्यांना सारखे वागवतो असे म्हणणारे डॉक्टर मनापासूनच तसे म्हणत असतात. परंतु छातीत दुखते म्हणून आलेल्या बाईचा ईसीजी पुरुषाच्या ईसीजीइतक्याच लवकर काढला जातो का, मराठी-हिंदी न समजणाऱ्या रुग्णांमध्ये डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, घरी जाण्याचे प्रमाण अधिक आहे का, हे त्यांना कोणी विचारले तर त्यांच्यापाशी उत्तर नसते. ते मनाच्या चांगुलपणातून मिळत नाही, नोंदी वेगवेगळ्या करून पाहिल्यावरच मिळते. आणि जो फरक कधी लिहिलाच गेला नाही, त्या फरकापायी कोणाची आबाळ होते आहे हे कोणत्याही अहवालात उमटणार नाही. म्हणून विचारले पाहिजे. मात्र याला मी एक अट जोडते आणि ती या साऱ्या उत्तराच्या मुळाशी आहे: फॉर्मवरच्या प्रत्येक रकान्याला वाली हवा. ही माहिती वाचून आपल्या कामात काहीतरी बदल करणारी ठरावीक व्यक्ती रुग्णालयात असली पाहिजे. असा वाली ज्याला सापडत नाही तो रकाना काढून टाकावा, कारण विचारून घेतलेली आणि नंतर कोणीच न वाचलेली खासगी माहिती रुग्णाला केवळ धोका देते, फायदा काहीच देत नाही.

वेल्समधील एक सामान्य डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले होते, की चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज सर्वाधिक असते तिथेच सर्वांत कमी मिळते. संगणकीय नोंदींनाही हे लागू पडते. घोडबंदर रोडवरील एखाद्या गृहसंकुलात राहणाऱ्या मधुमेही गृहस्थांची फाइल जाडजूड असते, कारण ते दर तीन महिन्यांनी रक्त तपासून घेतात. मुरबाडहून क्वचितच येणाऱ्या शेतमजूर बाईच्या फाइलमध्ये दोन भेटी आणि एक हिमोग्लोबिन एवढेच असते. फाइल पातळ आहे म्हणून संगणक तिला निरोगी समजतो. अमेरिकेत २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमके हेच उघड झाले: जादा देखभालीची गरज कोणाला आहे हे ठरवणारी एक गणनपद्धती आजाराऐवजी उपचारांवरचा खर्च मोजत होती, आणि कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळात कमी खर्च होत असल्याने ती त्यांना कमी आजारी धरत होती. ती चूक काढल्यास जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. आपली कंपनी ‘धोक्याचे रुग्ण आपोआप दाखवतो’ असे म्हणत असेल, तर तो धोका कशावरून मोजला जातो हे तिच्याकडून लेखी घ्यावे.

आता फॉर्मकडे वळू. सर्वांत साधा वाटणारा रकाना नावाचा, आणि आमच्या भागात सर्वाधिक घोटाळा तिथेच होतो. शहापूर तालुक्यात माहेर आणि भिवंडीत सासर असलेली एक बाई डोळ्यांपुढे आणा. लग्नात तिचे आडनाव बदलले, पतीचे नाव वडिलांच्या नावाच्या जागी आले, आणि काही घरांत होते तसे पाळण्यातले नावही बदलले. पहिल्या बाळंतपणाला ती रीतीप्रमाणे माहेरी आली, तेव्हा आईने किंवा भावाने खिडकीवर तिचे माहेरचेच नाव सांगितले. त्या फाइलमध्ये तिचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्याची आणि बाळ पॉझिटिव्ह असल्याची नोंद आहे, आणि पुढच्या गर्भाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून प्रसूतीनंतर ७२ तासांत द्यायचे अँटी-डीचे इंजेक्शन दिले की नाही हेही तिथेच लिहिलेले आहे. दुसऱ्या खेपेला ती सासरच्या नावाने आली. संगणकाला ती नवीन रुग्ण वाटली आणि त्याने तिला नवा क्रमांक दिला. अँटी-डी राहून गेले असेल, तर या गर्भाला धोका आहे आणि तिच्या रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी लगेच हवी, हे सांगणारा कागद त्याच इमारतीत आहे, पण तो तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पुरुषाच्या बाबतीत असे सहसा घडत नाही, कारण त्याचे नाव जन्मभर तेच राहते. म्हणजे एका नावावर एक फाइल ही रचना वरवर सर्वांना सारखी दिसली, तरी तिचा तोटा बायकांच्या वाट्याला येतो.

यावर उपाय अवघड नाही. ‘आधीचे नाव किंवा माहेरचे नाव’ असा रकाना हवा आणि आईचे नाव हा स्वतंत्र रकाना हवा, कारण बाईच्या आयुष्यात न बदलणारे तेवढे एकच नाव असते. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य सरकारने आईचे नाव आणले आहे. रुग्णालयांनी मोठ्यांसाठीही ते निदान ओळख पटवण्यापुरते घ्यावे. नाव देवनागरीत साठवले जावे आणि शोध उच्चारावरून घेता यावा, कारण रोमन लिपीत एकच नाव सकाळच्या पाळीचा ऑपरेटर एका तऱ्हेने लिहितो आणि रात्रीचा दुसऱ्या. आडनाव सक्तीचे नसावे. आणि दुहेरी फाइली शोधून जोडणारी एक व्यक्ती रेकॉर्ड विभागात नेमलेली असावी. या रकान्यांचा वाली तीच.

जन्मतारखेबाबत थोडक्यात सांगते. वय अंदाजे सांगणाऱ्या रुग्णाची तारीख खिडकीवर १ जानेवारी पडते आणि पुढे सगळे तिला खरी मानतात. ‘वय अंदाजे’ अशी खूण ठेवली की डॉक्टर सावध राहतात.

पत्त्याला मात्र अधिक जागा द्यावी लागेल. आपल्या जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर पाड्यावर परततात. क्षयरोगाचे औषध साधारण सहा महिने चालते. मार्चमध्ये निदान झालेल्या भट्टी कामगाराचा उपचार संपेपर्यंत त्याचा पत्ता बदललेला असतो, फॉर्ममध्ये मात्र भट्टीचाच पत्ता राहतो आणि जूनमध्ये आरोग्य कर्मचारी तिथे जातो तेव्हा भट्टी विझलेली असते. वाशीच्या बाजार समितीतील माथाडी कामगार आणि भिवंडीच्या यंत्रमागांवरचे कामगार यांचीही दोन घरे असतात, एक कामाचे आणि एक गावाचे. ‘आता कुठे राहता’ आणि ‘पावसाळ्यात किंवा सुट्टीत कुठे असता’ हे दोन्ही विचारावे, पाड्याचे नाव लिहिण्याची सोय ठेवावी आणि पिनकोडविना फॉर्म पुढेच सरकत नाही असे करू नये. पाड्यावर नेहमी फिरणाऱ्या आशाताईंचा क्रमांक मिळाला तर तो कोणत्याही पिनकोडपेक्षा उपयोगी पडतो. क्षयरुग्णांच्या नोंदीसाठी असलेल्या सरकारी निक्षय पोर्टलवर रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वर्ग करता येतो, पण तो कुठे चालला आहे हे कोणाला तरी माहीत असेल तरच.

भाषेचे दोन प्रश्न आहेत आणि ते एकत्र करू नयेत: ‘कोणत्या भाषेत समजावून सांगू?’ आणि ‘वाचता येते का, येत असल्यास कोणत्या लिपीत?’ भिवंडीहून येणाऱ्या विणकर कुटुंबांत तेलुगू आणि उर्दू बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांना मराठीत छापलेला डिस्चार्ज कागद देणे म्हणजे न देण्यासारखेच आहे. रकान्याचा वाली येथे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर: कोणत्या पाळीत कोणाला तेलुगू, उर्दू किंवा वारली येते याची यादी तिच्यापाशी असावी. शाळकरी मुलीला आईच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेविषयी दुभाषी करण्याची प्रथा आपल्याकडे सर्रास आहे आणि ती बंद झाली पाहिजे. पतीला दुभाषी करणेही टाळावे, विशेषतः जिथे बाईच्या अंगावर मार दिसतो आहे तिथे.

लिंगाच्या रकान्यावर मी थोडी रेंगाळणार आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पुरुष, स्त्री आणि इतर असे तीन पर्याय असतात. आपल्या देशातील डिजिटल आरोग्य मिशन आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीच्या ज्या एफएचआयआर या आंतरराष्ट्रीय मानकावर उभे आहे त्यात प्रशासकीय नोंदीसाठी ‘अज्ञात’ धरून चार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या २०१४ च्या नाल्सा निकालात व्यक्तीने स्वतः सांगितलेली लिंगओळख मान्य केली, त्यामुळे खिडकीवर प्रमाणपत्र मागण्याचा प्रश्नच येऊ नये. पण केवळ तिसरा पर्याय दिल्याने वैद्यकीय प्रश्न सुटत नाही. ट्रान्स पुरुषाचे, म्हणजे जन्मावेळी स्त्री म्हणून नोंदल्या गेलेल्या पण स्वतःची ओळख पुरुष अशी सांगणाऱ्या माणसाचे, उदाहरण घ्या. फाइलमध्ये तो योग्य रीतीने ‘पुरुष’ आहे. त्याचे हिमोग्लोबिन १२.४ आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे रक्तक्षयाची सीमा प्रौढ पुरुषात १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ ग्रॅम आहे, म्हणून ‘पुरुष’ या शब्दावरून संगणक त्याला रक्तक्षय ठरवतो, ‘स्त्री’ असते तर तोच आकडा सामान्य ठरला असता आणि ‘इतर’ असते तर काही प्रयोगशाळांच्या अहवालात सीमाच छापली जात नाही. यातले बरोबर काय, हे तो टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) घेतो का आणि किती काळ, यावर अवलंबून आहे, आणि नेमके तेच फॉर्ममध्ये कुठे नाही. त्याच माणसाला गर्भाशयमुख आहे, पण कर्करोगाच्या चाचणीची आठवण त्याला कधीच जाणार नाही. पोटाच्या सीटी स्कॅनपूर्वी गर्भधारणा आहे का हे त्याला कोणी विचारणार नाही. उलट, ट्रान्स स्त्रीला प्रोस्टेट असते आणि लघवी अडल्यावर तिच्या बाबतीत ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून एका रकान्याचे काम तीन भागांत वाटावे. लिंगओळख आणि कोणत्या नावाने हाक मारावी हे नोंदणीत असावे. विम्याच्या कागदावर वेगळे नाव असले तरी ओपीडीच्या फलकावर आणि पुकारताना हाकेचे नावच यावे. जन्मावेळी नोंदलेले लिंग आणि घेत असलेले संप्रेरक हे केवळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दिसावे. तिसरी गोष्ट म्हणजे अवयवांची यादी: गर्भाशय, गर्भाशयमुख, स्तन, प्रोस्टेट यांपैकी शरीरात आज काय आहे. ट्रान्सजेंडर आरोग्यावर काम करणाऱ्या डब्ल्यूपाथ या जागतिक संघटनेच्या गटाने २०१३ साली अशीच शिफारस केली होती. अवयवांची यादी खिडकीवर विचारायची नाही, हे वेगळे सांगावे लागते इतकी आपल्याकडे गफलत होते. ती बंद दाराआड डॉक्टरांनी भरायची. आणि ही यादी केवळ तृतीयपंथी रुग्णांच्या उपयोगाची आहे असे समजू नका. गर्भाशय काढलेल्या हजारो बायका आपल्या भागात आहेत आणि त्यांनाही मासिक पाळीची शेवटची तारीख पुनःपुन्हा विचारली जाते, कारण संगणकाला तो रकाना रिकामा चालत नाही.

दिव्यांगत्वाबाबत २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले आहेत आणि त्यासाठी यूडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र मिळते. कार्डाचा क्रमांक घ्या, योजनांसाठी लागतो. पण कार्डावरील टक्केवारीवरून सिस्टरला काहीच कळत नाही. त्याऐवजी दिव्यांगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या वॉशिंग्टन ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा छोटे प्रश्न वापरावेत: दिसायला, ऐकायला, चालायला, लक्षात ठेवायला, स्वतःचे आवरायला आणि बोलून समजवायला कितपत अडचण येते. ज्यांनी कार्ड कधी काढलेच नाही अशी पुष्कळ वयस्कर माणसे या प्रश्नांत सापडतात. त्याखाली एकच मोकळा प्रश्न असावा: ‘येथे तुम्हाला कशाची मदत लागेल?’ कर्णबधिर रुग्णाचे नाव पुकारून तो आला नाही म्हणून त्याचा नंबर घालवणे हे आजही घडते, आणि फाइलवर एक ठळक खूण असती तर ते घडले नसते. दृष्टिहीन किंवा कर्णबधिर डॉक्टर, टंकलेखक आणि सिस्टर यांनाही हेच सॉफ्टवेअर वापरायचे आहे. ते स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर, चालते का, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

जात-जमातीवर माझे मत स्पष्ट आहे, आणि सगळ्यांना ते पटेलच असे नाही. खिडकीवर, रांगेत, मोठ्याने जात विचारू नये. पण ‘आम्ही जात विचारत नाही’ यावर समाधान मानू नये, कारण ज्याला ओळखायची असते तो ती आडनावावरून ओळखतो आणि ते आडनाव खाटेच्या पाटीवर लिहिलेले असते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटक्या-विमुक्त, इतर मागास, इतर असे व्यापक वर्ग ऐच्छिक ठेवावेत, रुग्णाने स्वतः कागदावर किंवा टॅबवर भरावेत, आणि ही माहिती वॉर्डच्या पडद्यावर न दिसता केवळ एकत्रित अहवालात यावी. नेमकी जमात तिथेच विचारावी जिथे वैद्यकीय कारण आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार हे ठळक कारण. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाचे लक्ष्य २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचे आहे आणि त्याची तपासणी आदिवासी वस्त्यांवर केंद्रित आहे. तेथे रुग्णाचे कार्ड आणि त्याचा निष्कर्ष फाइलवर नोंदला जावा. वंचितता मोजण्यासाठी जातीखेरीजही अधिक उपयोगी प्रश्न आहेत: रोजंदारी बुडते का, पाणी कुठून आणता, रेशन कार्ड आहे का. आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात झेड-५५ ते झेड-६५ हे संकेतांक घर, काम, पैसा, कुटुंब यांच्या अडचणींसाठीच आहेत आणि आपल्याकडे ते जवळजवळ कोणी वापरत नाही. यांचा वाली वैद्यकीय समाजसेवक. ते पद आपल्याकडे नसेल तर आधी ते भरा, मग प्रश्न विचारा.

मोबाइलचा रकाना फॉर्मवर निरुपद्रवी दिसतो, पण तो तसा नाही. पुष्कळ घरांत एकच फोन असतो आणि तो बहुधा पतीकडे किंवा मोठ्या मुलाकडे असतो. एचआयव्ही चाचणीचा अहवाल तयार आहे, मानसोपचाराची पुढची भेट अमुक तारखेला आहे, असा संदेश त्या फोनवर गेला की गुप्तता संपली. एचआयव्ही-एड्स कायदा आणि मानसिक आरोग्यसेवा कायदा, दोन्ही २०१७ चे, गोपनीयतेची हमी देतात. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने तशीच तरतूद आली. संगणकाने आपोआप पाठवलेला संदेश या कायद्यांतून सुटत नाही. ‘हा फोन कोणाचा?’ आणि ‘यावर संदेश चालेल का?’ हे दोन प्रश्न हवेत, आणि संदेशात विभागाचे किंवा तपासणीचे नाव येऊच नये.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झाले आणि त्यातील चौदा अंकी आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाचा आरोग्य ओळख क्रमांक, आता बऱ्याच रुग्णांकडे आहे. तो ऐच्छिक आहे; तो नाही म्हणून नोंदणी अडवता येत नाही, हे खिडकीवरच्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. क्यूआर कोड स्कॅन करून रांगेविना केस पेपर काढण्याची सोय उत्तम आहे, परंतु तिचे टोकन आणि खिडकीचे टोकन एकाच क्रमात लागले पाहिजेत. तसे केले नाही, तर स्मार्टफोन असलेला रुग्ण घरून निघतानाच पुढे जातो आणि आसनगावहून पहाटेच्या लोकलने आलेली म्हातारी त्याच्या मागे बसून राहते.

फॉर्म कितीही चांगला झाला तरी पुढे फाइलमध्ये डॉक्टर काय लिहितात यावर बरेच ठरते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना सिकलसेलच्या एकाच काल्पनिक रुग्णाची नोंद दोन तऱ्हांच्या भाषेत वाचायला दिली. संशय आणि तुच्छता दाखवणारी भाषा वाचलेल्यांचे रुग्णाविषयीचे मत अधिक वाईट झाले आणि त्याच्या वेदनेवर त्यांनी कमी तीव्रतेचे उपचार सुचवले. आपल्याकडील ‘ऐकत नाही’, ‘नॉन-कम्प्लायंट’, ‘नाटकी’, ‘डिफॉल्टर’ हे शब्द हेच काम करतात. कागदावर ते एका पानापुरते राहत असत. संगणकात मागची नोंद कॉपी करून पुढे चिकटवली जाते आणि एका थकलेल्या ड्युटी डॉक्टरांचा शेरा वर्षानुवर्षे रुग्णाच्या मागे लागतो. क्षयरोगाच्या व्याख्यांमधून जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली ‘डिफॉल्टर’ काढून टाकले आणि ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ या अर्थाचा शब्द घेतला. ‘गोळ्या घेत नाही’ याऐवजी ‘गोळ्या संपल्या, दवाखान्यात यायचे तर भट्टीवरची एक दिवसाची मजुरी जाते’ असे लिहिले, तर पुढच्या डॉक्टरांना काय करायचे ते कळते: एकदम दोन महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या.

सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेली गणिते कोणाच्या शरीरावरून बेतलेली आहेत, हेही तपासून घ्यावे. परदेशी बनावटीच्या प्रणालीत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २५ ला जादा वजन आणि ३० ला स्थूलता असते. भारतीयांसाठी या सीमा २३ आणि २५ धरल्या जातात, आणि तो फरक राहिला तर बीएमआय २४ असलेल्या, घरात मधुमेह असलेल्या माणसाला संगणक ‘सर्व ठीक’ म्हणतो. मूत्रपिंडाच्या कार्याचे २००९ चे सूत्र वंशावरून आकडा वाढवत असे. २०२१ च्या सुधारित सूत्रात वंश काढला आहे, आपल्या प्रयोगशाळेत कोणते चालते ते विचारा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबाबत डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आले, की यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतील खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत ११.७ आणि गोऱ्यांत ३.६ टक्के होते. उन्हात काम करणाऱ्या सावळ्या माणसांच्या आपल्या जिल्ह्यात ९३ या आकड्यावर विसंबून कोणाला घरी पाठवू नये. श्वास वाढलेला असेल तर धमनीतले रक्त तपासावे, आणि संगणकाच्या सूचनेतही तसेच लिहून घ्यावे.

माहिती गोळा होऊ लागली की पहिल्या तीन महिन्यांत कोणताही निष्कर्ष काढू नका. आधी ती खरी आहे का पाहा. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ आधीच निवडलेले ठेवले, तर तुमचे सगळे रुग्ण मराठीच निघतील. कोणताही पर्याय आधी निवडलेला नसावा, आणि ‘विचारले नाही’, ‘माहीत नाही’ व ‘सांगायचे नाही’ हे तीन वेगळे पर्याय असावेत. पहिला ऑपरेटरच्या कामाविषयी सांगतो, दुसरा रुग्णाच्या परिस्थितीविषयी आणि तिसरा त्याच्या तुमच्यावरील विश्वासाविषयी. त्यानंतर दोन-तीनच मोजमापे निवडा. मी निवडेन ती अशी: छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी किती मिनिटांत निघाला, हे स्त्री-पुरुष वेगळे करून, डामाचे प्रमाण, भाषा आणि पैसे भरण्याच्या प्रकारानुसार, आणि सिकलसेलच्या वेदनेत पहिले वेदनाशामक किती वेळाने मिळाले. हे मासिक मृत्यू-परीक्षणाच्या बैठकीतच वाचावे, वेगळी समिती करू नये, कारण वेगळ्या समितीत विभागप्रमुख येत नाहीत. ज्या गटात दहापेक्षा कमी रुग्ण आहेत त्याचे आकडे भिंतीवर लावू नका. शंभर खाटांच्या रुग्णालयात त्या महिन्यातला एकुलता एक तृतीयपंथी रुग्ण कोण, हे सगळ्यांना लगेच कळते.

कंपनी म्हणेल की हे सारे जादा काम आहे आणि त्याचे जादा पैसे पडतील. काही अंशी ते खरे आहे. पण भारत २०१४ पासून स्नोमेड-सीटी या आंतरराष्ट्रीय संज्ञासंचाचा सदस्य आहे, त्यामुळे देशात तो विनामूल्य वापरता येतो आणि पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय केंद्र त्यासाठी मदत करते. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाची ईएचआर, म्हणजे संगणकीय आरोग्य नोंदींची, मानकेही २०१६ पासून सुधारित स्वरूपात उपलब्ध आहेत. पर्याय वाढवण्याचा अधिकार रुग्णालयाकडे असणे, कोणी कोणाची फाइल उघडली याची न पुसता येणारी नोंद राहणे आणि कंपनी बदलली तर सगळी माहिती प्रमाणित स्वरूपात परत मिळणे, या तीन गोष्टी करारात लिहून घ्या.

मंजुरीची सही करण्यापूर्वी मात्र एक चाचणी घ्या. शहापूरच्या एखाद्या पाड्यावरच्या आशाताई, एक माथाडी कामगार, एक कर्णबधिर व्यक्ती, एक ट्रान्स व्यक्ती आणि माहेर-सासर दोन्हीकडच्या नावांनी आलेली एक बाई यांना बोलवा, त्यांच्या दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च द्या, आणि खिडकीवर नेहमी बसणाऱ्या ऑपरेटरनेच त्यांची नोंदणी करावी असे सांगा. आपण आणि कंपनीचा माणूस मागे बसून, ऑपरेटर कुठे अडखळतो आणि रुग्ण कुठे गप्प होतो तेवढे लिहून घ्या. करारानंतर हीच चाचणी केली तर निघालेल्या प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे बिल येईल, म्हणून ती या महिन्यातच उरकावी.